ताजीतवानी पार्टी आणि तुझा बिचारा ड्रॅगन

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकाने गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं असा खेळ. त्यात तुझा ड्रॅगन पार्टीपुढे, म्हणजे खेळाडूंच्या टोळीपुढे, टिकत नाही, म्हणून त्याचे हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) दुप्पट करू नकोस. त्याने लढत लांबते, अवघड होत नाही. १७ व्या लेव्हलला विझार्डकडे (जादूगाराकडे) ९ व्या लेव्हलचा, म्हणजे सगळ्यात वरच्या ताकदीचा स्पेल (मंत्र) येतो. झोप काढून आलेली पार्टी तो पहिल्याच राउंडला टाकणार, का टाकू नये? खरी गोम विश्रांतीत आहे. खेळाच्या २०१४ च्या नियमांत लाँग रेस्ट (खर्चलेले स्पेल परत देणारी मोठी झोप) २४ तासांत एकदाच, आणि दोन लाँग रेस्टच्या मध्ये ६ ते ८ लढती गृहीत होत्या. आपण गंगापूर रोडला रविवारी एखाददुसरीच खेळवतो!

तुझ्या गोष्टीतला किल्ला नाशिकजवळच्या, वेढ्यासाठी गाजलेल्या रामशेजवर बेतलाय ना? मग वेढाच घाल. पहाटे सुरुंग, दुपारी बोलणी करायला आलेला बहुरूपी, रात्री तटाला शिड्या. झोपलात तर दरवाजा पडेल, हे आधीच सांग. लपवलंस तर खेळाडू चिडतात, आणि रास्तच चिडतात. शत्रूच्या सेनापतीला लेजेंडरी रेझिस्टन्स (फसलेला बचाव मोजक्या वेळा यशस्वी ठरवायची मुभा) दे, पार्टीपासून ६० फुटांपलीकडे ठेव, म्हणजे त्याचे स्पेल हाणून पाडणारा काउंटरस्पेल पोचत नाही. एकटा मात्र नको. चौघांच्या पाळ्यांपुढे एकटा कितीही तगडा असला तरी चेपला जातो.

एखाद्या रविवारी त्यांनी सगळं उधळून सहज जिंकलं, तर जिंकू दे. मिसळीचं बिल त्यांच्यावर.