गुण देण्याआधी इतिवृत्त उघड

कर्वेनगर, पुणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू घरी येऊन टीपॉयवर प्रश्नावल्यांचे चार नमुने मांडलेस आणि ‘यांतला आमच्या विश्वस्तांना कोणता चालेल?’ असे विचारलेस, तेव्हा मी तुला धड उत्तर दिले नाही. तू गेल्यावर ते मनाला लागून राहिले, म्हणून हे पत्र. तुझी अडचण मला समजली आहे. मंडळाने स्वतःचे मूल्यमापन करण्याचा ठराव एकमताने केला, काम मात्र तुझ्या गळ्यात घातले, आणि ज्यांच्या सहीने तुझा पगार निघतो त्या नऊ ज्येष्ठांना कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा या काळजीने तू गांगरली आहेस. ते चारही नमुने तूर्त बाजूला ठेव. आधी इतिवृत्ताची, म्हणजे मंडळाच्या सभांच्या नोंदींची, वही उघड.

प्रश्नावली माणसाला त्याचे मत विचारते. ‘मंडळ संस्थेच्या उद्दिष्टांशी बांधील आहे का?’ या प्रश्नाला वीस वर्षे पदरमोड करून काम केलेला विश्वस्त पाचपैकी पाचच गुण देणार, आणि तो खोटे बोलत नसतो. त्याची निष्ठा खरीच असते. परंतु मंडळाने काय ठरवले आणि ठरवलेल्याचे पुढे काय झाले, हे त्या गुणांतून कळत नाही. ते इतिवृत्तातच कळते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलींचे वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेचा मी चौदा वर्षे कार्यवाह होतो. एका वर्षी देणगीदारांच्या आग्रहावरून आम्ही अशीच प्रश्नावली भरली, सरासरी चारच्या वर आली आणि सभेने समाधान व्यक्त केल्याची नोंद मी स्वतः केली. त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या रेक्टरबाईंनी राजीनामा दिला. कारण लिहिले नव्हते, म्हणून मी जुन्या वह्या काढून बसलो. रात्रपाळीला आणखी एक बाई नेमावी, अशी त्यांची मागणी होती. चाळीस मुलींमागे त्या एकट्याच असत, आणि मध्यरात्री एखादी मुलगी तापाने फणफणली की बाकीच्या मुलींना कुलूपबंद ठेवून तिला रिक्षाने दवाखान्यात न्यावे लागे. हा विषय चौदा महिन्यांत पाच सभांपुढे आला होता. पाचही वेळा माझ्याच अक्षरात एकच नोंद होती : ‘सविस्तर चर्चा झाली. पुढील सभेत निर्णय घ्यावा.’ चौथ्या वेळी तर ‘सविस्तर’ हा शब्दसुद्धा मी गाळला होता.

त्या काळात पैशांची ओढाताण होती. हाती आलेले अनुदान इमारतीसाठीच खर्च करायचे, पगाराला वापरायचे नाही, अशी अट होती. मुदत ठेव मोडायला खजिनदार तयार नव्हते. आणि कार्यवाहाला एकट्याने नेमणूक करण्याचा अधिकार आमच्या घटनेत नव्हता. मी तो विषय दर वेळी विषयपत्रिकेवर घेतला होता, हेही खरे आहे. पण आम्ही होकाराचा ठराव केला नाही, तसा नकाराचाही केला नाही. आम्ही स्पष्ट नकार दिला असता, तर बाईंनी वेळेवर दुसरी वाट शोधली असती. ती वही मी प्रश्नावलीच्या आधी उघडली असती, तर त्या कदाचित गेल्या नसत्या. म्हणून तुला पुन्हा सांगतो, आधी इतिवृत्त उघड.

गेल्या तीन वर्षांची इतिवृत्ते घे आणि एका कोऱ्या वहीत प्रत्येक ठरावापुढे चार गोष्टी लिही : ठरावाची तारीख, जबाबदारी कोणाची, मुदत किती, आणि आजची स्थिती काय. बहुतेक ठिकाणी दुसरा आणि तिसरा रकाना रिकामा राहील. राहू दे, तो भरण्याचा प्रयत्न करू नकोस, कारण ते रिकामेपण हाच तुझ्या हाती आलेला पहिला पुरावा आहे. मग हजेरी पाहा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, झाली एवढ्यावर समाधान मानू नकोस. तेच चार विश्वस्त दर सभेला असतात आणि उरलेले पाच वार्षिक सभेलाच दिसतात का, ते पाहा. अंदाजपत्रक मंजूर केल्यावर वर्षाच्या मध्ये खर्चाचा आढावा किती वेळा घेतला, संस्थेच्या संचालकांच्या कामाविषयी मंडळ एकदा तरी त्यांच्याशी बसून बोलले का, आणि विश्वस्ताच्या नात्यातल्या माणसाला काम देताना तो विश्वस्त चर्चेतून बाहेर बसला का, हेही त्याच वहीत सापडेल. कायद्याच्या बाबी थोडक्यात तपास. आपल्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो, आणि न्यासाची जागा विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. निवृत्त झालेल्या किंवा दिवंगत झालेल्या विश्वस्ताचे नाव सरकारी नोंदवहीत अजून तसेच असेल, तर मंडळाने स्वतःला किती गुण दिले याला अर्थ उरत नाही.

हे सगळे झाल्यावर प्रश्नावली कर, आणि तुला सापडलेल्या गोष्टींवरूनच कर. दहा प्रश्न पुरेत. प्रत्येक प्रश्नाखाली ‘कशावरून?’ असे लिहून तीन ओळी मोकळ्या सोड. उत्तरावर नाव नको. आणि ती उत्तरे तू गोळा करू नकोस, हे मी निक्षून सांगतो. मंडळाच्या हाताखाली काम करणाऱ्याने मंडळाची उत्तरपत्रिका तपासायची, ही व्यवस्थाच चुकीची आहे. तिच्यात तू भरडली जाशील आणि उत्तरेही खरी येणार नाहीत. संस्थेशी देणेघेणे नसलेला, पण संस्थांचे कामकाज जाणणारा कोणीतरी बाहेरचा माणूस अध्यक्षांकडून मागून घे.

‘ज्येष्ठांना वाईट वाटेल’ असे तू तीनदा म्हणालीस, आणि खरे सांगायचे तर तिसऱ्या वेळी मला राग आला. वाटेल त्यांना वाईट. पण तू त्यांच्यापुढे तुझे मत ठेवणारच नाहीस. इतिवृत्त त्यांचेच आहे, पुढच्या सभेत वाचून त्यांनीच ते कायम केले आहे आणि खाली त्यांच्याच अध्यक्षांची सही आहे. इतिवृत्त उघड असे मी का म्हणतो, हे यावरून तुझ्या लक्षात येईल. ‘आमच्या इतिवृत्तात काही सापडायचेच नाही, दोन ओळी लिहितात’ असेही तू म्हणालीस. मग तेच लिही, की तीन वर्षांच्या इतिवृत्तांवरून मंडळाने काय ठरवले ते कळत नाही. याहून गंभीर निष्कर्ष कुठली प्रश्नावली देणार आहे? १८७३ मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने आपल्या कामाचा रिपोर्ट छापून लोकांपुढे ठेवला होता. आपल्या कामाचा हिशेब मांडणे ही पुण्यातल्या संस्थांना परकी गोष्ट नाही, हे अध्यक्षांना जरूर सांग.

या विषयासाठी स्वतंत्र सभा माग. आयत्या वेळच्या विषयांत चहा येता येता तो उरकला जाऊ देऊ नकोस. सभेने दोनच ठराव करावेत, पण प्रत्येकापुढे एका विश्वस्ताचे नाव आणि तारीख असावी. आणि यापुढे प्रत्येक विषयपत्रिकेत इतिवृत्त कायम करण्याच्या लगेच खाली ‘मागील ठरावांवरील कार्यवाहीचा आढावा’ हा विषय कायमचा घालून घे. आमच्या विषयपत्रिकेत तो चौदा वर्षांत एकदाही नव्हता, आणि विषयपत्रिका मीच काढत असे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी तुमच्या कार्यालयात येतो. वह्या घरी आणू नकोस, त्या संस्थेबाहेर नेणे योग्य नाही. मी त्या पाहणार आहे, एवढे तुमच्या कार्यवाहांना आधी सांगून त्यांची लेखी संमती घेऊन ठेव. पहिली तीन इतिवृत्ते आपण मिळून वाचू, पुढची तू एकटीने वाच.

तुझा,
काका

ता. क. रेक्टरबाई गेल्यानंतर दोन महिन्यांनी रात्रपाळीला दुसरी बाई नेमली. तो ठराव दहा मिनिटांत झाला.