सोल्डरिंग गन कुलपात कशाला?

पत्र : मुलाला नीटच्या दुसऱ्या प्रयत्नात 412 मार्क (फिजिक्स 138, केमिस्ट्री 84, बायोलॉजी 190). बारावीला गणितही होतं. तिसरा प्रयत्न ठाण्यातच करावा की कोट्याला पाठवू? अभ्यास सोडून तो बोटाला सेन्सर लावून रक्तवाहिन्यांचा कडकपणा मोजत बसतो. म्हणून सोल्डरिंग गन कुलपात ठेवली. डॉक्टर झाला की करू दे हे उद्योग. त्याच्या काळजीने माझं बीपी वाढलंय, गोळ्याही वेळेवर घेतल्या जात नाहीत.
– एक वडील, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. मार्कांसाठी नाही, त्या कुलपासाठी. एवढ्या मोठ्या मुलाची वस्तू कपाटात कोंडायची आणि वर आपल्या बीपीचं खापरही त्याच्याच डोक्यावर फोडायचं, हे काही मला पटलं नाही. ‘तुझ्यामुळे माझं बीपी वाढतं’ हे रोज ऐकणारं पोर एक तर गप्प बसतं, नाही तर खोटं बोलायला शिकतं. तुमचा गप्प बसलेला दिसतो. अख्ख्या पत्रात त्याचं स्वतःचं एक वाक्य नाही. बाबांचं बीपी वाढलेलं आणि हा मोजतोय रक्तवाहिन्या. का मोजतोस, असं कधी विचारलंत त्याला?

आता तुम्ही कंसात उरकलेले मार्क बघू. नीटची बहुतेक मुलं माझ्यासमोर फिजिक्सच्या नावानं रडतात. तुमचा तिथेच 180 पैकी 138 काढतो आणि 360 च्या बायोलॉजीत 190 वर अडकतो. तिसऱ्या वर्षी आणखी काय कळायचं राहिलंय?

‘डॉक्टर झाला की करू दे’ हा तर निव्वळ गैरसमज. हृदयाच्या ठोक्याची लाट धमनीतून धावते. भिंत जितकी कडक, तितकी लाट वेगवान. या वेगाचं सूत्र 1878 मधलं, मोएन्स आणि कोर्टवेग या दोन डचांच्या नावाचं. त्यातला कोर्टवेग गणिती. पुढे 1922 मध्ये ब्रॅमवेल आणि हिल यांनी त्याला वापरायला सोपं रूप दिलं. हा हिल केंब्रिजला गणित शिकलेला. त्याच सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, स्नायूंवरच्या कामासाठी, आणि तो डॉक्टर नव्हता.

चिरंजीवांचेही कान धरतो. बाळा, एका बोटावरच्या सेन्सरने नाडीचा आकार दिसतो, लाटेचा वेग नाही. वेगाला दोन ठिकाणं लागतात : मान आणि जांघ. तिथे पेनासारखा सेन्सर अलगद टेकवतात, सोबत ईसीजी लावतात आणि दोन जागांमधलं अंतर टेपने मोजतात. थेट अंतर 60 सेंटिमीटर भरलं तर त्याचे 80 टक्के, म्हणजे 48 धरायचे. लाटेला 60 मिलिसेकंद लागले तर वेग सेकंदाला 8 मीटर. दहाच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. आता गंमत अशी, की सुटलेल्या पोटावरून टेप वळवला की अंतर फुगतं आणि बरा माणूसही आजारी ठरतो. महागडं यंत्र असो की तुझं टेबलावरचं, टेप धरणारा हात चुकला की सगळं चुकलं.

बारावीला गणित ठेवलंय, हे फार बरं झालं. पीसीएमची (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा द्यावी, कॅप राउंडला, म्हणजे प्रवेशाच्या फेरीत, बायोमेडिकल इंजिनिअरिंग भरावं. नाही मिळालं तर इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्स. पॅरामेडिकलची पदवीही आहे, पण तिथे यंत्र चालवायचं असतं आणि याला ते बनवायचंय. एक मात्र आत्ताच सांगतो : बायोमेडिकलची बरीच मुलं यंत्रांच्या विक्रीत आणि सर्व्हिसिंगमध्ये जातात. डिझाइनचं काम हवं असेल तर एमटेकपर्यंत शिकायची तयारी ठेवा.

तेव्हा कोटाही नको आणि ठाण्यातला क्लासही नको. कपाटाची किल्ली आजच त्याच्या हातात द्या. आणि या आठवड्यात डॉक्टरांना भेटून गोळ्यांचं मार्गी लावा. जाताना त्याला बरोबर नेऊ नका. तिथे ‘याच्यामुळेच’ म्हणाल.