सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात का शिरल्या?

प्रश्न : शेजारच्या देशातील यादवीत महासत्ता स्वतःचे सैन्य का उतरवते? १९७९ मध्ये सोव्हिएत संघ अफगाणिस्तानात गेला तो हिंदी महासागर गाठण्यासाठी, असे ऐकत आलो आहोत. ते खरे मानावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : समुद्राच्या ओढीचे हे स्पष्टीकरण त्या काळी पाश्चात्त्य देशांत फार प्रचलित होते; परंतु पुढे खुल्या झालेल्या पॉलिटब्युरोच्या (सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च निर्णय मंडळाच्या) कागदपत्रांतून त्याला आधार मिळत नाही. त्यांत दिसते ती भीती आहे. आपल्या पाठबळावर उभी असलेली सीमेलगतची राजवट कोसळेल आणि तिथे अमेरिका पाय रोवेल, या धास्तीने मॉस्कोला ग्रासले होते.

एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये सत्तेवर आलेल्या साम्यवादी पक्षात सुरुवातीपासूनच दुफळी होती आणि त्याच्या दडपशाहीने ग्रामीण भाग पेटला. मार्च १९७९ मध्ये पश्चिम अफगाणिस्तानातील हेरात शहरात उठाव झाला, तेव्हा अफगाण राज्यप्रमुख नूर मोहम्मद तराकी यांनी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्याकडे दूरध्वनीवरून सैन्य मागितले. सोव्हिएत लष्करातील उझबेक, ताजिक आणि तुर्कमेन जवान अफगाण गणवेशात पाठवले, तर त्यांना कोणी ओळखणार नाही, असेही त्यांनी सुचवले. कोसिगिन यांनी ते मानले नाही. आपल्या सैनिकांना अफगाण जनतेशीच लढावे लागेल, हे पॉलिटब्युरोने तेव्हा नीट ओळखले होते आणि म्हणूनच नऊ महिन्यांनंतरचा निर्णय मला अधिक गंभीर वाटतो.

मधल्या काळात तराकींचेच पंतप्रधान हफिझुल्ला अमीन यांनी तराकींना पदच्युत करून ठार करवले. अमीन अमेरिकेत शिकलेले होते. ते वॉशिंग्टनकडे झुकतील, असा संशय केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संघटनेला होता. इराणमधील क्रांतीने अमेरिकेचा तिथला तळ गेला होता, त्यामुळे तिला पर्यायी जागा हवी असणार, असा तर्क त्याला जोडला गेला. अखेर १२ डिसेंबर रोजी सोव्हिएत सर्वोच्च नेते ब्रेझनेव्ह, केजीबीप्रमुख आंद्रोपोव्ह, संरक्षणमंत्री उस्तिनोव्ह आणि परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांच्या वर्तुळाने सैन्य पाठवण्याचे ठरवले. लष्करप्रमुख ओगार्कोव्ह यांनी आधीच विरोध नोंदवला होता, पण तो डावलला गेला. वास्तविक अमेरिकेकडे झुकण्याचा संशय असलेले अमीन स्वतःच सोव्हिएत सैन्य मागत होते. संशय एकदा मनात रुजला की विरुद्ध पुरावाही त्याला हलवू शकत नाही, असे इथे दिसते.

मैत्री कराराच्या आणि अफगाण सरकारच्या विनंतीच्या आधारे आपण आलो, असे मॉस्कोने जगाला सांगितले. प्रत्यक्षात २७ डिसेंबरला सोव्हिएत तुकड्यांनी काबूलमधील अमीन यांच्या ताजबेग राजवाड्यावर हल्ला केला, त्यात अमीन मारले गेले आणि त्याच पक्षातील विरोधी गटाचे नेते बाबराक करमाल यांना सत्तेवर बसवण्यात आले. जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने परकीय फौजा माघारी घेण्याची मागणी १०४ विरुद्ध १८ मतांनी केली. त्या मतदानात भारत तटस्थ राहिला, हे मला आजही खटकते. फौजा परतल्या त्या १५ फेब्रुवारी १९८९ रोजी, सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक आणि त्यांच्या कित्येक पट अफगाण नागरिक मृत्युमुखी पडल्यानंतर.