टोकियोत राहणाऱ्यांना सेंतोमध्ये अनोळखी लोकांसमोर आंघोळ करताना संकोच वाटत नाही का?

पहिल्यांदा वाटतो. खूप वाटतो. तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी टोकियोला येताय, घराजवळ सेंतो म्हणजे सार्वजनिक स्नानगृह आहे, आणि जावं की नाही ते ठरत नाहीये. मी नऊ वर्षं शहराच्या पूर्व भागात राहते. आता आठवड्यातून एकदा तरी सेंतोला जाते, पण पहिल्या वेळी कपडे काढायच्या खोलीत टॉवेल छातीशी धरून कितीतरी वेळ लॉकरकडे तोंड करून उभी होते. आपल्याकडे आंघोळ दाराला कडी लावून करायची. ती सवय एका दिवसात सुटत नाही.

माझा संकोच घालवला शेजारच्या नळावर बसलेल्या एका आजींनी, आणि तोही माझ्याकडे न बघता. वय ऐंशीच्या पुढचं असावं, पाठीला बाक. बुटक्या स्टुलावर बसून त्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत सावकाश अंग घासत होत्या. झाल्यावर त्यांनी स्टुलावर गरम पाणी ओतलं, कडेला फेसाचा एक ठिपका राहिला होता तो हाताने निपटला, पिवळी बादली विसळून उपडी ठेवली आणि मग हौदाकडे गेल्या. नंतर येणाऱ्या बाईला जागा स्वच्छ मिळावी म्हणून एवढी मेहनत. ते बघताना मी कशी दिसतेय हा विचारच मनातून गेला.

हौदातलं पाणी सगळ्यांचं आहे, एवढं लक्षात ठेवलंत तर बाकीचे नियम आपोआप सुचतील. साबण लावून, अंग पूर्ण धुऊन मगच हौदात उतरायचं. केस लांब असतील तर वर बांधायचे. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. बायका तो घडी करून डोक्यावर ठेवतात. उभ्याने शॉवर घेऊन शेजारणीवर पाणी उडवायचं नाही. बाहेर येताना आधी अंग पुसायचं, कारण कपडे बदलायच्या खोलीतली जमीन कोरडी असते. मोबाइल लॉकरमध्येच ठेवा. पाळीच्या दिवसांत जाऊ नका. पाणी बहुधा ४२ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे आपल्याला चटका बसेल असं. थंड पाणी मिसळू नका, पाय टाकून थोडं थांबा, शरीर जुळवून घेतं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुष्कळ झाली.

बायका-पुरुषांचे भाग वेगळे असतात. मधल्या भिंतीच्या वरची जागा मोकळी असते, त्यामुळे पलीकडच्या नवऱ्याला ‘निघायचं का?’ अशी हाक मारणाऱ्या बायका अजूनही ऐकू येतात. टोकियोत मोठ्या माणसाला ५५० येन पडतात (हा दर ऑगस्ट २०२४ पासूनचा). साध्या सेंतोचा कमाल दर मालक ठरवत नाही, प्रांताचा गव्हर्नर ठरवतो; १९४६ च्या किंमत नियंत्रणाच्या आदेशापासून हे चालत आलंय. त्या काळी कित्येक घरांत न्हाणीघरच नसे, म्हणून आंघोळ ही तांदळाइतकीच गरजेची वस्तू मानली गेली.

भिंतीवर फुजी पर्वत रंगवलेला दिसेल. ही पद्धत १९१२ मध्ये टोकियोच्या ‘कान्दा’ नावाच्या भागातल्या एका सेंतोपासून सुरू झाली, आणि चित्रकार फुजीच्याच शिझुओका प्रांतातला होता. आज ही चित्रं काढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. पिवळ्या बादलीच्या तळाशी ‘केरोरिन’ लिहिलेलं असतं, ती १९६३ पासूनची डोकेदुखीच्या औषधाची जाहिरात!

१९६० च्या दशकाच्या शेवटी देशभरात अठरा हजारांच्या आसपास सेंतो होती, आता दोन हजारसुद्धा नाहीत. घरोघरी न्हाणीघरं आली, इंधन महागलं, चालवायला पुढची पिढी नाही. माझ्या पहिल्या घराजवळचं सेंतोही असंच बंद झालं. शेवटच्या दिवशी रस्त्यावर रांग होती आणि मालकीणबाई दारात उभ्या राहून प्रत्येकीला वाकून नमस्कार करत होत्या. म्हणून मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते, जा.

डिसेंबरमध्ये इथे असाल तर वर्षातला सर्वांत लहान दिवस चुकवू नका. त्या दिवशी हौदात युझू सोडतात; इडलिंबाच्या जातीचं, पिवळंधमक फळ. नरकचतुर्दशीच्या पहाटेच्या उटण्याची मला दरवर्षी तेव्हा आठवण येते. थंडीत सर्दीपडसं होऊ नये म्हणून ही आंघोळ. ५ मे रोजी वेखंडाच्या जातीतल्या वनस्पतीची लांब हिरवी पानं पाण्यात असतात.

बोलायची घाई करू नका. त्या आजी आणि मी दोन-तीन महिने फक्त मान लववत होतो. मग एका संध्याकाळी निघताना त्या वळून म्हणाल्या, ‘ओसाकी नी’. ‘तुमच्या आधी निघते’ असा अर्थ, आणि सूर अगदी आपण दारातून म्हणतो त्या ‘येते हं’चा. तुम्हाला कुणी म्हटलं तर ‘ओयासुमिनासाई’ म्हणा, म्हणजे शुभ रात्री. मीही तेच म्हटलं होतं.