शब्दशंका : वड, वाणी आणि बनियन

प्रश्न : इंग्रजीत वडाला ‘बॅनियन’ म्हणतात. अंगातल्या बनियनशी त्याचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आहे, आणि धागा तुमच्या गुजरातेतलाच आहे. मूळ शब्द गुजराती ‘वाणियो’, म्हणजे आपला वाणी; संस्कृतात ‘वणिज्’. तो पोर्तुगिजांमार्फत इंग्रजीत गेला. इराणच्या आखातावर गोमरून, म्हणजे आजचे बंदर अब्बास, येथे एका वडाखाली या व्यापाऱ्यांचे देऊळ होते. १७व्या शतकातले युरोपीय प्रवासी त्या झाडाला ‘वाण्यांचे झाड’ म्हणू लागले, आणि एका झाडाचे नाव साऱ्या जातीला चिकटले. पुढे इंग्रज घरात घालायच्या सैल अंगरख्यालाही ‘बॅनियन’ म्हणत. आपली बनियन त्याच घराण्यातली. वाणी शाकाहारी, म्हणून ब्रिटिश नौदलात बिनमांसाच्या जेवणाचा दिवस ‘बॅनियन डे’ झाला. (खलाशी खूश नसणार!) बडोद्याच्या जुन्या नावात, ‘वटपद्रका’त, मात्र थेट वडच आहे.

प्रश्न : इंग्रजी ‘मंगूस’चे अनेकवचन, ‘गूस’चे ‘गीस’ होते तसे, ‘मंगीस’ का नाही?

उत्तर : कारण तो मराठी मुंगूस आहे. ‘गूस’ म्हणजे हंसपक्षी, त्याच्याशी नाते नाही. ‘मंगूसेस’ लिहा.