शेनझेनहून शनिवार-रविवार एकटीने कुठे जावं? माझं उत्तर : क्वानझौ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कामानिमित्त काही महिने शेनझेनला आहात, बीजिंग-शांघाय पाहून झालंय, चिनी येत नाही, मांस-मासे खात नाही आणि शुक्रवारी संध्याकाळी पाठीवर सॅक टाकून एकटीने जाता येईल असं, आपल्याकडे फारसं कुणी नाव न घेणारं शहर हवंय.

क्वानझौला जा. फुजियान प्रांतात, समुद्रकाठी, श्यामेनच्या जरा वर. मी इकडे नोकरीला आल्यापासून बरीच शहरं पायाखाली घातली. पण एकट्या बाईला दोन दिवसांत निवांत पाहता येईल, उगाच तंगडतोड होणार नाही आणि तरीही घरी फोन केल्यावर आईला सांगायला काहीतरी असेल, असं मला हेच सापडलं. 'फारसं नाव नसलेलं' हे अर्थात आपल्यापुरतं. चिनी पर्यटकांना ते चांगलंच ठाऊक आहे. २०२१ मध्ये युनेस्कोने सोंग आणि युआन राजवटींच्या काळातलं (दहावं ते चौदावं शतक) जागतिक व्यापाराचं बंदर म्हणून या शहराला जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात २२ ठिकाणं आहेत. ती सगळी संपवायच्या नादी लागू नका. निम्मी शहराबाहेर विखुरलेली आहेत आणि काही ठिकाणी खणलेल्या जमिनीपलीकडे बघण्यासारखं विशेष नाही.

आधी जाण्याचं. शेनझेन उत्तर स्टेशनवरून थेट गाड्या आहेत, साडेतीन-चार तास धरा. तिकीट काढताना इंग्रजी नाव दोनदा वाचा, कारण क्वानझौ, ग्वांगझौ आणि चुझौ ही तिन्ही नावं घाईत सारखीच दिसतात आणि तीन वेगळ्या दिशांना आहेत. क्वानझौला पूर्व आणि दक्षिण अशी आणखी स्टेशनं आहेत, पण जुन्या शहरात जायचं तर नुसतं 'क्वानझौ' नाव असलेलं जुनं स्टेशन सोयीचं. टॅक्सीवाल्याला नाव सांगायची वेळ आली तर 'छ्वेन-जौ' म्हणा, 'क्वानझौ' म्हटलेलं त्याला कळणार नाही.

राहायचं वेस्ट स्ट्रीटच्या आसपास. गल्ल्यांमध्ये जुन्या घरांची छान घरगुती हॉटेलं केली आहेत, पण सगळ्यांनाच परदेशी पासपोर्टची पोलिसांकडे नोंद करायची सवय नसते. बुकिंग करताना अॅपवरूनच 'भारतीय पासपोर्ट चालेल ना?' असं विचारून लेखी उत्तर घ्या. रात्री अकराला पोचून दारात हुज्जत घालण्यापेक्षा हे बरं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मी हे शहर का सांगतेय तो. शनिवारी सकाळी लवकर खायुआन मंदिरात जा. प्रवेश फुकट. हे बौद्ध मंदिर ६८६ सालचं, तांग राजवटीतलं. आवारात दोन दगडी मनोरे आहेत, तेराव्या शतकात बांधलेले, पूर्वेचा साधारण ४८ मीटर उंच आणि पश्चिमेचा थोडा कमी. १६०४ साली इथे मोठा भूकंप झाला, त्यातूनही ते उभे राहिले. बहुतेक लोक या मनोऱ्यांचे फोटो काढतात, मुख्य सभागृहासमोर उदबत्ती लावतात आणि बाहेर पडतात. तुम्ही तसं करू नका. सभागृहाला वळसा घालून मागच्या ओसरीवर जा.

तिथे सोळा बाजू असलेले दोन काळसर दगडी खांब आहेत. इतर खांबांपेक्षा वेगळे आहेत हे लगेच लक्षात येतं. त्यांच्यावर छोट्या गोल चौकटी कोरल्या आहेत. काहींमध्ये फुलं, चिनी प्राणी वगैरे. आणि एकीत नृसिंह. हिरण्यकश्यपू मांडीवर आडवा, पोटात नखं. कुणी सांगायची गरजच नाही, आपण जे लहानपणापासून चित्रात पाहिलंय तेच. दुसऱ्या एका चौकटीत बाळकृष्ण उखळासकट दोन झाडांच्या मधून जातोय. आणखी एकीत गजेंद्रमोक्ष. बुद्धाच्या देवळाच्या मागच्या दाराशी, चीनमध्ये. मी त्या खांबापाशी बराच वेळ रेंगाळले. तेवढ्या वेळात निदान तीन गाइड आपापले झेंडे घेऊन आले आणि बहुधा 'हे भारतीय' एवढंच सांगून पुढे गेले. नृसिंह कोण, हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकटीने जायचा हा एक फायदा, कुणी घाई करत नाही.

हे खांब मूळचे या मंदिराचे नाहीत. तेराव्या शतकात इथे तमिळ व्यापाऱ्यांची वस्ती होती आणि त्यांचं शिवमंदिर होतं. १२८१ सालचा तमिळ शिलालेखच सापडला आहे. पुढे युआन राजवट संपता संपता शहरात मोठी कत्तल-जाळपोळ झाली, परदेशी व्यापारी उठून गेले, मिंग राजांनी समुद्री व्यापारावर बंदी घातली आणि त्या देवळाचे दगड शहरभर पांगले. मिंग काळात खायुआनची दुरुस्ती करताना हे दोन खांब हाताशी होते, ते बसवून टाकले. सभागृहाच्या पुढच्या चौथऱ्यावरही खाली वाकून पाहा. सिंहाचं अंग आणि माणसाचं तोंड असलेल्या कोरीव पट्ट्या आहेत, ७० हून अधिक. त्याही त्या शिवमंदिरातल्याच.

पश्चिमेच्या मनोऱ्यावर चौथ्या मजल्यावर माकडाच्या तोंडाचा एक योद्धा कोरलेला आहे. चिनी वानरराजाचं हे आधीचं रूप असावं असं म्हणतात आणि काहीजण त्याचा धागा मारुतीपर्यंत नेतात. मी त्यावर पैज लावणार नाही. फोनचा झूम मात्र लागेल, खालून नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नाही.

त्याच आवारात एका दालनात १९७४ साली जवळच्या होउझू बंदराच्या गाळातून काढलेलं सोंग काळातलं जहाज ठेवलंय. उरलेला सांगाडा २४ मीटर लांब, आत आडव्या भिंती घालून केलेले १३ कप्पे. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे राहावेत म्हणून. त्यात सुगंधी लाकडाबरोबर मिरी आणि सुपारीही सापडली. मार्को पोलोने लिहून ठेवलंय की अलेक्झांड्रियाला मिरीचं एक जहाज जात असेल तर या बंदरात शंभर येतात. त्याची आकडे फुगवायची सवय धरली तरी गालबोटापुरती मिरी नक्कीच नव्हती.

हे आवडलं तर दुपारी सागरी व्यापाराच्या संग्रहालयात जा. तेही फुकट, सोमवारी बंद. दगडांचं दालन चुकवू नका : अरबी थडगी, कमळावर उभा क्रूस आणि बाजूला पंखवाले देवदूत, पिंडीची पूजा करणारा हत्ती, चतुर्भुज विष्णू, सगळे एका छपराखाली. संग्रहालय एरवी जरा शाळेच्या सहलीसारखं आहे, बाकीची दालनं भरभर उरकलीत तरी चालेल.

संध्याकाळी थुमन स्ट्रीट. इथे १००९ सालची छिंगजिंग मशीद आहे. नमाजाच्या जुन्या दालनाचं छप्पर सतराव्या शतकात भूकंपात पडलं ते पडलंच, आता चार भिंती आणि वर आकाश. आणि तिथून दोन मिनिटांवर क्वान युचं देऊळ, जिथे मुंगीला शिरायला जागा नसते. क्वान यु हा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला सेनापती, पुढे देव झाला. व्यापारी त्याला फार मानतात.

या देवळात निदान अर्धा तास काढा. लोक हातात लाल लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे घेतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. डोळे मिटून मनातल्या मनात प्रश्न विचारतात आणि तुकडे जमिनीवर टाकतात. खट्-खट् असा आवाज सतत चालू असतो. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार, दोन्ही फुगीर आल्या तर नाही, दोन्ही सपाट आल्या तर देव नुसता हसतोय, नीट विचार. मी रत्नागिरीची, त्यामुळे मला हे समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे गुरव देवाला कौल लावतो, अगदी तोच प्रकार, फक्त इथे मध्ये गुरव नाही, ज्याने त्याने आपला कौल आपणच लावायचा. होकार आला की आकडा लिहिलेली काडी काढतात आणि त्या आकड्याची चिठ्ठी घेतात, त्यावर चार ओळींची कविता असते. माझ्या शेजारी सूट घातलेला एक माणूस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा टाकत होता. उत्तर मनासारखं येईना. फोटो काढू नका अशा वेळी, बरं दिसत नाही.

जेवणाचं सांगते, कारण तुमची खरी काळजी तीच असणार. हे मासे, कालवं आणि डुकराच्या चरबीचं शहर आहे. सकाळी सगळे जी बारीक शेवयांची दाट पेज खातात तिचा रस्सा मांसाचा किंवा माशांचा असतो, त्यामुळे तुम्हाला बाद. 'वो छी सू' (मी शाकाहारी आहे) हे वाक्य पाठ करा आणि शिवाय फोनवर 'चरबी, मांसाचा रस्सा, सुके झिंगे नको' असं चिनीत लिहून ठेवा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर वरून चरबीत तळलेला कांदा येतो आणि त्यांच्या मते ते मांस नसतं. देवळांच्या आसपास बौद्ध शाकाहारी खाणावळी असतात, दुपारचं जेवण तिथे उरका, लवकर जा. गोड मात्र भरपूर आहे : शेंगदाण्याचं गरम गोड सूप, शेंगदाणे-साखर भरलेला जाडसर मऊ पोळा, उन्हाळ्यात बर्फ घातलेलं 'स-क्वो-थांग'. तुमच्याबरोबर कुणी मासे खाणारं आलं तर त्यांना रताळ्याच्या पिठातलं कालवांचं ऑम्लेट खाऊ द्या. समुद्रातल्या किड्यांची थंडगार जेलीही मिळते, ती मी लांबून पाहिली.

चहा मात्र कुठेही बसा. थिये-क्वान-यिन हा नावाजलेला ऊलाँग चहा ज्या आनशीचा, तो तालुका याच क्वानझौमध्ये येतो. दुकानदार स्वतःसाठी करतच असतो, तुम्ही नुसतं बघत उभ्या राहिलात तरी घोटभर पेला पुढे करतो. विकत घ्यायची सक्ती नसते. तो पेला रिकामा केलात की पुन्हा भरतो, एवढं ध्यानात ठेवा.

रात्री कुठे नानयिन, म्हणजे इथलं जुनं पारंपरिक संगीत, ऐकायला मिळालं तर थांबा. वीणेसारखं आडवं धरलेलं फिफा नावाचं तंतुवाद्य, उभी बासरी, हातात लाकडी पट्ट्यांचा ताल आणि गाणारी बाई जागची न हलता गाते. २००९ मध्ये युनेस्कोने याचीही दखल घेतली. गातात इथल्या मिन्नान बोलीत, त्यामुळे आपल्याला कळत नाही म्हणून अवघडून जाऊ नका, शेजारी बसलेल्या बीजिंगवाल्यालाही कळत नसतं.

रविवारी सकाळी लोयांग पूल. शहरापासून थोडा बाहेर आहे, टॅक्सी करा. १०५३ ते १०५९ मध्ये बांधला, खाडीच्या तोंडाशी. पाण्याच्या मारात दगड टिकावेत म्हणून पायथ्याशी कालवं वाढवली. त्यांची कवचं दगडांना घट्ट धरून ठेवतात. आपल्या खाडीकाठी खडकाला चिकटलेली कालवं कोयतीने सोडवताना पाहिली असतील तर यात किती शहाणपण आहे ते कळेल. ओहोटीची वेळ बघून जा, भरतीला नुसता पूल दिसतो. पाणी उतरलं की खांबांची होडीसारखी टोकं आणि चिखलात काम करणाऱ्या बाया दिसतात.

श्युनफू गावाबद्दल तुम्ही इंटरनेटवर वाचलंच असेल, डोक्यात फुलांची चक्रं माळून फोटो काढतात ते. कालवांच्या कवचांच्या भिंती असलेली घरं सुंदर आहेत, तिथल्या म्हाताऱ्या बायका खरोखरच रोज फुलं माळतात. पण २०२३ पासून त्या गावावर धाड पडली आहे. शनिवार-रविवारी दुपारी भाड्याचे कपडे घातलेल्या मुली आणि मागे रिफ्लेक्टर धरलेले फोटोग्राफर, बाकी काही दिसत नाही. जायचंच तर सकाळी आठला.

हवा : नोव्हेंबर ते मार्च उत्तम. मार्चच्या सुमाराला पांगारा फुलतो. हो, आपलाच पांगारा, तो या शहराचं मानाचं फूल आहे. जुलै ते सप्टेंबर उकाडा आणि वादळं, ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि मे दिनाची सुट्टी पूर्ण टाळा. सुरक्षिततेचं म्हणाल तर रात्री दहा-अकरापर्यंत मी बिनधास्त फिरले. भीती एकच, फुटपाथवर आवाज न करता मागून येणाऱ्या ई-स्कूटरची.

आणि रविवारी दुपारी दोन तास मोकळे राहिले तर जिनजियांगच्या बाजूला चेदियान नावाच्या वस्तीत जाऊन या. एका छोट्या देवळात चार हातांची, मांडी घातलेली, पायाशी एकाला दाबून ठेवलेली मूर्ती आहे. आजूबाजूचे लोक तिला क्वानयिन (करुणेची बौद्ध देवी) म्हणून उदबत्ती लावतात, अभ्यासकांच्या मते ती तमिळ वस्तीतून आलेली हिंदू देवी आहे. फलक-बिलक शोधू नका, टॅक्सीवाल्याला नकाशावर पिन दाखवा आणि परतीसाठी त्यालाच थांबवून ठेवा. गाडी संध्याकाळी सहानंतरची घेतलीत तर हे आरामात बसतं.