गोव्यातील लहान काजू कारखान्याने सीमाशुल्काच्या नव्या नियमांसाठी तयारी कुठून सुरू करावी?

आपण लिहिले आहे की डिचोली तालुक्यात आपला काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे, बेनिन आणि आयव्हरी कोस्टची काजूबी आपण दुबईच्या व्यापाऱ्यामार्फत मागवता, गर आखाती देशांत व थोडासा पोर्तुगालला पाठवता, आणि नियम सारखे बदलत असल्यामुळे तयारी कुठून करावी हे उमजत नाही. मी वास्कोत आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करतो आणि माझ्याकडे काजूवाले बरेच आहेत, त्या अनुभवावरून सांगतो.

सुरुवात मालाच्या मूळ देशापासून करावी. काजूबीवरील मूळ आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. मात्र बेनिन, टांझानिया, मोझांबिक अशा अल्पविकसित देशांच्या काजूबीला भारताच्या शुल्कसवलत योजनेचा लाभ मिळू शकतो, आणि आयव्हरी कोस्ट त्या यादीत नाही. म्हणजे दिसायला सारख्याच दोन गोण्यांपैकी एकीवर शुल्क आहे आणि दुसरीवर नाही. एक कोटीच्या मालावर हा फरक अडीच लाखांचा होतो, त्यामुळे अधिकारी इथे बारकाईने पाहणारच. पूर्वी निर्यातदार देशाचा मूळस्थान दाखला जोडला की बहुधा काम भागत असे. २०२० साली सीमाशुल्क कायद्यात २८डीए हे कलम आले आणि २१ सप्टेंबर २०२० पासून त्याखालचे नियम लागू झाले, तेव्हापासून माल खरोखर त्या देशाचा आहे याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ बाळगावी लागते, पाच वर्षे जपावी लागते आणि विचारणा झाल्यास दहा कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. ही जबाबदारी आमच्यासारख्या मध्यस्थांची नाही, आपली आहे, हे आमच्या व्यवसायातले लोक ग्राहकाला सहसा स्वतःहून सांगत नाहीत.

आपला व्यवहार दुबईमार्गे होतो, म्हणून एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझीही होती. एका ग्राहकाची बेनिनहून पाच कंटेनर काजूबी निघाली, ८० किलोच्या एक हजार गोण्या. दाखल्यावर एक हजार गोण्याच लिहिल्या होत्या. ऐन वेळी जहाजावर जागा न मिळाल्याने एक कंटेनर मागे राहिला आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, आठशेच गोण्या आल्या. बीजक तिसऱ्या देशातील व्यापाऱ्याचे होते, आणि त्याचा उल्लेख दाखल्यावर नव्हता. मी दाखल्यावरचा शिक्का आणि सही पाहिली. गोण्यांचा आकडा दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिला नाही. सवलत अडली, बंधपत्र देऊन तात्पुरत्या आकारणीवर (म्हणजे शुल्काचा अंतिम निर्णय नंतर होईल या हमीवर) माल सोडवावा लागला, आणि तोवर जुलैच्या पावसात दमट झालेल्या गोण्यांतली वरची बी बुरसली. तेव्हापासून मी दाखला, बीजक, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग टेबलावर शेजारीशेजारी मांडून प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीने टिंब देतो. आपणही व्यापाऱ्याला या चारही कागदांचे मसुदे जहाज सुटण्यापूर्वी मेलवर पाठवायला सांगा, कारण तिथे चूक सुधारणे एका फोनचे काम असते आणि इथे महिन्याचे.

निर्यातीच्या बाजूला हाच प्रश्न उलटा येतो, आणि तो फार कमी जणांच्या ध्यानात असतो. मालाच्या वर्गवारीचे जगभर एकच आकडी संकेतांक असतात; त्यांत कवचासह काजू ०८०१ ३१ या संकेतांकात येतो आणि गर ०८०१ ३२ मध्ये. म्हणजे भाजून, फोडून, सोलून एवढी मेहनत केली तरी पहिले चार आकडे बदलत नाहीत. ज्या करारात मूळ देश ठरण्यासाठी प्रकरण (संकेतांकाचे पहिले दोन आकडे) किंवा चार आकडी शीर्षक बदलण्याची अट असते, तिथे आफ्रिकी बीपासून डिचोलीत काढलेला गर भारतीय मूळचा ठरत नाही. तेव्हा दुबईच्या ग्राहकाने १ मे २०२२ पासून लागू झालेल्या भारत-संयुक्त अरब अमिराती व्यापार कराराखाली सवलतीचा दाखला मागितला, तर होकार देण्यापूर्वी त्यातील काजूची नेमकी अट वाचा. स्थानिक बी आणि आयात बी यांचे साठे व नोंदवह्या आजपासूनच वेगळ्या ठेवा. गोव्याच्या काजूला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे पाकिटावर काय छापता यालाही आता अर्थ आहे.

पोर्तुगालच्या मालासाठी युरोपीय संघाची आयसीएस २ ही पूर्वसूचना प्रणाली लक्षात घ्यावी. ती भरण्याचे काम मुख्यतः जहाज कंपनी करते, पण सहा आकडी संकेतांक आणि मालाचे स्पष्ट वर्णन तिला आपल्याकडूनच मिळायला हवे, तेही कंटेनर जहाजावर चढण्याच्या किमान २४ तास आधी सूचना जाईल इतक्या लवकर. ‘खाद्यपदार्थ’ एवढे लिहून चालत नाही. ‘कवच काढलेले काजूगर, डब्ल्यू ३२०’ असे गराच्या प्रतीसह लिहावे.

वेळापत्रकाचे थोडक्यात सांगतो. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे सीमाशुल्काकडे द्यायचे आयातीचे विवरण, माल पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हायला हवे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो, म्हणजे पाच दिवसांचे ३५,०००. माल मुरगावला उतरो की न्हावा शेवाला, हिशेब तोच. आयात-निर्यात संकेतांकाची (हा मालाचा नव्हे, आपल्या व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो निष्क्रिय होतो, आणि पश्चिम आफ्रिकेचा माल नेमका याच सुमारास समुद्रात असतो. त्यामुळे हे काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच उरकून टाकावे.

मंजुरीनंतर स्वतःची चूक सापडली तर ती दडवू नका. २०२५ च्या वित्त कायद्याने आणलेल्या १८ए कलमाखाली नोंद स्वतःहून दुरुस्त करता येते, मात्र लेखापरीक्षण किंवा झडती सुरू झाल्याची सूचना आल्यावर ती वाट बंद होते. म्हणून दर तिमाहीला जुन्या पाच-सहा फायली काढून तपासण्याचे काम कारखान्यातल्याच एका माणसाकडे द्या. तो पदवीधर नसला तरी चालेल. गोण्या मोजणारा मुकादम हे काम अनेकदा हिशेबनिसापेक्षा चांगले करतो.

जागतिक संकेतांकांची नवी आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. आपल्या सगळ्या उत्पादनांची संकेतांकासह यादी, अगदी मीठ-मसाला लावलेल्या आणि तुकडा काजूसह, एका कागदावर आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे त्या वेळी फक्त नव्या संकेतांकाचा उजवीकडचा एक रकाना भरायचा राहील.